ऊस लावणीला हात लावलेल्या सगळ्यांचे आभार

निपाणी-चिकोडी भागात 'सुरू' उसाची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी लावायच्या उसाची, लावण फेब्रुवारीत उरकावी लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या शेतकऱ्याला दिवसभर सरीत वाकणं झेपत नाही. न बोलावता अशांच्या बांधावर आलात, मनापासून आभार.

दहा महिन्यांच्या बेण्याचं, म्हणजे लावायच्या उसाचं, पाचट (वाळकी पानं) हातानं सोललंत. कोयत्यानं सोललं की कांड्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायची जागा, दुखावतात. आत लाल निघालेला रोगट ऊस बाजूला टाकलात. एकरी १०,००० दोन डोळ्यांची टिपरी (उसाचे तुकडे), १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, दहा मिनिटं बुडवून, हातमोजे घालून. फार बरं केलंत. टिपरी दाबताना दोन्ही डोळे बाजूला ठेवलेत, हे तर लाखमोलाचं! डोळा खाली गेला की उगवण मागं पडते, नांग्या पडतात, म्हणजे सरीत मोकळ्या जागा राहतात.

आणि रात्रीच्या विजेवर बॅटरी घेऊन दारं धरणाऱ्या, सरीसरीला पाणी फिरवणाऱ्या पोरांनो, तुमचे विशेष आभार.