फूटव्हॉल्व

डोंबिवली,
२२ फेब्रुवारी २०२६, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे ठणठणीत आहेत. छकुलीची नववीची परीक्षा जवळ आली आहे, हिचं ऑफिस नेहमीसारखं, माझंही. रजिस्टर पोस्ट बंद झालं ना गेल्या सप्टेंबरात, म्हणून हे स्पीड पोस्टने पाठवतोय.

रोज साडेआठला आपण फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं वाटेल. पण बोलतो म्हणजे काय बोलतो? जेवलात का, लाइट होती का, मोटर चालली का, वानरं आली होती का. चार मिनिटं. त्यात जे सांगायचं ते पाच वर्षांत बसलं नाही. मी बसू दिलं नाही.

माझ्या मोबाइलमध्ये एक यादी आहे. तिचं नाव ‘गाव’. काल रात्री ती सहज वरपासून वाचली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. पडवीवरचे तीन पत्रे बदलले. टीव्हीचा रिचार्ज, लाइटबिल, सिलिंडर. बाबांच्या चष्म्याची काडी. न्हाणीघरात धरायला दांडी. खळ्यात कॅमेरा. एकूण त्रेचाळीस कामं, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. ऑफिसात मी हे अधूनमधून सांगतो. लोक म्हणतात, इतक्या लांब राहून किती करतोस रे आईबाबांचं. मीही मान डोलावतो. यादीत नसलेलं चव्वेचाळिसावं काम मला एकट्यालाच माहीत आहे.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नका. चोरांसाठी म्हणून बसवला, आपल्याकडे चोर येऊन नेणार काय, सुकत घातलेली आमसुलं? रोज सकाळी मी लोकलमध्ये उभा राहून तुम्हाला बघतो. तुम्ही खळं झाडता, मग हातात काठी घेऊन विहिरीकडच्या आंब्याच्या कलमांकडे जाता. काठीवर खूण केलेली आहे, ती मला दिसते. एकेका कलमाला काठी लावून बघता, केवढं वाढलं. मागच्या महिन्यात उन्हातच उभे होतात, म्हणून मी माइक दाबून म्हटलं, “बाबा, टोपी घाला.” तुम्ही वर कॅमेऱ्याकडे बघून हात जोडलेत, देवाने आकाशवाणी केल्यासारखे. मी हसलो. दिवा स्टेशनला फुटबोर्डवर जागा होईना इतकी गर्दी चढली, आणि मी मनात म्हटलं, मला याच माइकवरून खरं काय ते सांगायला हवं होतं. टोपीचं नव्हे.

ती कलमं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि आजोबांनी फळबाग योजनेत लावलेल्या मोठ्या झाडांतली सात आडवी झाली. तुम्ही फोनवर रडला नाहीत, पण झाडं मोजून सांगताना सात ऐवजी दोनदा आठ म्हणालात. पाऊस लागला तसे तुम्ही खड्डे मारलेत आणि पंचेचाळीस कलमं लावलीत. सत्तराव्या वर्षी. पहिले दोन उन्हाळे कळशीने पाणी घातलंत, बुंध्याशी गवत पसरलंत. झाड लहान असताना मोहोर आला तर खुडायचा असतो, नाहीतर जीव फळात जातो, हे तुम्हीच मला सांगितलंत. तीन वर्षं तुम्ही तो स्वतःच्या हाताने खुडलात. यंदा पहिल्यांदा अकरा कलमांवर ठेवलात. तो मोहोर मला कॅमेऱ्यात नीट दिसत नाही, नुसता पिवळट धूर दिसतो.

कुणासाठी लावलीत, ते तुम्ही कधी म्हणाला नाहीत. म्हणालात ते फक्त गेल्या गणपतीत. आरती झाली होती, काकांकडची मंडळी मधल्या दगडी गडग्यापलीकडे गेली होती, आपण दोघं जोत्यावर बसलो होतो. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, “२०३० पर्यंत सगळी लागती होतील. तोवर तूही मोकळा होशील तिकडून.” तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. अडकित्ता चालू होता.

मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, “पंपाचा फूटव्हॉल्व बदलायला हवा. पाइपातलं पाणी उतरतंय.”

तुम्ही म्हणालात, “हो, बदलायला हवा.” आणि रात्री दहाला, बाहेर भुरभुर पाऊस, घरात गणपती बसलेला, आपण दोघं बॅटरी घेऊन विहिरीवर गेलो. भर भाद्रपदात. विहीर काठोकाठ भरलेली, फूटव्हॉल्व वीस फूट पाण्याखाली. त्यातलं काय दिसणार होतं कुणाला? तरी आपण दहा मिनिटं वाकून बघत होतो. मग तुम्ही म्हणालात, पाणी खाली गेलं की बघू, आणि आपण सुटलो.

बाबा, मी परत येणार नाही. राहायला.

हे वाक्य लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. मध्ये मी पंख्याची पाती पुसली, गॅसची नळी बदलायला झाली का ते बघितलं. तुमचाच मुलगा.

कारणं सांगायची तर खूप आहेत, आणि सगळी खरी आहेत. हिची नोकरी, छकुलीचं पुढचं शिक्षण, घराचे हप्ते. पण ती पुढे करून मी तुम्हाला आणखी पाच वर्षं वाट बघायला लावेन, कारण प्रत्येक कारणावर ‘ते संपलं की’ असं म्हणता येतं. त्यांच्या मागे जे आहे ते असं, की मला तिथे राहायचं नाही. मला गाव आवडतं, मनापासून आवडतं, दोन आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मी रेंज शोधत सड्यावर फिरायला लागतो आणि आईवर उगाच चिडतो. बागायत मला येत नाही. फवारणी कधी, पाणी तोडायचं कधी, तुडतुडा कसा ओळखायचा, तुम्ही दहादा सांगितलंत आणि मी दहादा हो म्हटलं. माझ्या हातात ती पंचेचाळीस झाडं तीन वर्षांत रानटी होतील.

आता दुसरं. हे लहान तोंडी मोठा घास होईल, तरी लिहितो. आजोबांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली आणि सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचंच आहे. खातेदार गेला की वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली, मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. (तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतं!) तेव्हा मी काय केलं? पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, प्रिंट मारली आणि लॅमिनेशन करून तुम्हाला पाठवला. आता आजोबांचं नाव भिजणारसुद्धा नाही.

आणि तुम्ही काय केलंत? काकांकडे जायच्याऐवजी मधला गडगा पुन्हा रचलात. दर मे महिन्यात रचता. एकेक चिरा उतरवायचा, मुळं काढायची, पुन्हा बसवायचा. गावात म्हणतात, असा गडगा कुणाचा नाही. नसणारच, दरवर्षी त्याच्यावर भावाशी बोलायचं राहून गेलेलं असतं. आरतीचं तबक तुम्ही काकांच्या हातात देता तेव्हा बघता समईकडे. मला ते दिसतं, कारण मीही तसाच बघतो.

मला आता कळतंय की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. वारसनोंदीला काका हवेत, दोन्ही आत्या हव्यात, त्यांचाही हक्क आहे. नोंद झाली की वाटपाचा विषय निघणार. आणि वाटपात विहिरीकडचा तुकडा जाईल की काय, तो तर ‘बाळाचा’, म्हणून तुम्ही विषयच काढत नाही. म्हणजे माझ्या न बोलण्यामुळे तुमचं बोलणं अडलं आहे. मी यायचाच नसेन, तर तुम्ही तो तुकडा कुणापासून राखताय? काकांचा बंड्या गावातच आहे. त्याचा हात चांगला आहे. मागच्या वर्षी तुमचा गुडघा धरला होता तेव्हा तीन फवारण्या गडग्यावरून उडी मारून त्यानेच केल्या, आणि तुम्ही त्याला चहासुद्धा विहिरीवरच दिलात. त्याला वाट्याने दिली तर कलमं जगतील. तुम्हाला रुचेल की नाही, माहीत नाही. पण हे मी म्हणायला हवं होतं, आणि वेळेवर.

आई, तुला हे सगळं आधीच माहीत आहे, मला ठाऊक आहे. दिवाळीत तू चुलीपाशी मला विचारलं होतंस, “तुला यायचं तरी आहे का रे?” आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, “जा, दोन नारळ सोलून दे.” मी चार सोललेले. तू चारही खवलेस आणि वर म्हणालीस, एवढ्या खोबऱ्याचं आता काय करू.

मी शिमग्याला येतोय, एकटाच. शनिवारी रात्री तुतारी एक्सप्रेस धरतो, रविवारी सकाळी राजापूर रोडला उतरेन. चार दिवस आहे. पालखी आपल्याकडे यायच्या आधी मला तुमच्याशी पडवीत बसून बोलायचं आहे. रागवायचं असेल तर रागवा. माझ्यासमोर रागवा, नाहीतर तुम्ही तो राग खड्डे मारण्यात घालवाल. काकांकडे जायचं ठरलं तर मी बरोबर येईन, नाही ठरलं तर गडगा रचायला हात देईन, पण तेव्हा आपल्या दोघांनाही माहीत असेल आपण काय करतोय ते. नवीन काही काम काढू नका. आणायचं काही सांगू नका. फूटव्हॉल्व मात्र मी घेतला आहे, पितळेचा, तो बॅगेत आहे. तेवढं माफ करा.

एक विनंती. हे वाचून झालं की लगेच उठून कुठे जाऊ नका. आई, त्यांना काठी देऊ नकोस. आणि त्या अकरा कलमांवरचा मोहोर खुडू नका.

पोस्टमन आपल्याकडे साडेअकराच्या सुमारास येतो, मला तो कॅमेऱ्यात दिसतो. बुधवार-गुरुवारपर्यंत पत्र पोचेल. ते दोन दिवस मी बघणार नाही.

तुमचा,
बाळा