शनिवारी शाळेत आगीचा सराव : पालकांसाठी सूचना

सर्व पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, नमस्कार.

येत्या शनिवारी पहिल्या तासानंतर आपल्या मनपा शाळेत आग लागल्यास बाहेर पडण्याचा सराव आहे. घंटा सलग वाजत राहील. ती ऐकून मुलांना न्यायला धावू नका, फाटकावर गर्दी झाली तर सरावच अडेल.

मागच्या फाटकासमोर स्कूटी लावू नका, ही कळकळीची विनंती. फक्त शनिवारी नव्हे, कधीच नाही. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुलं गेली. आपल्याकडेही खिचडी शाळेतच शिजते. म्हणून घंटा होताच स्वयंपाकाच्या ताई आधी गॅसचा रेग्युलेटर बंद करतील.

दप्तर, डबा तिथंच सोडायचा. लहान मुलं नेमकी वॉटरबॅगसाठी मागे वळतात, तेव्हा घरी समजावून सांगा. धूर असेल तर नाकाला रुमाल लावून, वाकून चालायचं. मैदानात हजेरी होईल. नागपूरचं ऊन पाहता टोपी द्या.

अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८ : दोन्ही नंबर मुलांकडून पाठ करून घ्या.

मदतीला येऊ शकणाऱ्या पालकांनी शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांना कळवावे.