बाळाचं नाव पॉलिसीत

प्रिय मनू,

काल तू फोन आपटलास. तू सांगितलंस, "बाबा, तिसरा महिना लागलाय," आणि माझ्या तोंडून निघालं, "आरोग्य विम्याची पॉलिसी कुठली आहे?" तुझ्या आईने तेव्हापासून अबोला धरलाय. तर आधी हे लिहितो: मला फार आनंद झालाय. रात्रभर डोळा लागला नाही. या पत्रात पॉलिसीचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

पण तू नोकरी बदलायचं म्हणतेस, म्हणून एवढंच. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत बाळंतपण बऱ्याचदा पहिल्या दिवसापासून धरतात. आपली आपण घेतलेल्या पॉलिसीत वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तोवर बाळंतपणाचा खर्च मिळत नाही, कुठे महिन्यांचा, कुठे वर्षांचा. दिवस गेल्यावर धावाधाव करून घेतलेली पॉलिसी त्या खेपेला बहुधा कामाची नसते. राजीनामा देण्याआधी नव्या एचआरला लेखी विचार, आधीच दिवस गेलेले असतील तर चालतं का आणि कव्हर कुठल्या तारखेपासून. "हो हो, असतं सगळं" हे उत्तर धरू नकोस.

आणि पॉलिसीवरचा विम्याच्या रकमेचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. बाळंतपणाला पुष्कळदा त्यातला छोटा वाटा असतो, नॉर्मलला वेगळा, सिझेरियनला वेगळा. सोनोग्राफ्या, महिन्याच्या तपासण्या अनेकदा त्यात नसतातच, असल्या तरी त्याच वाट्यातून जातात. गुंतागुंत झाली तर ती बाळंतपणात मोजतात की आजारपणात, तेही... नको, ते पान जावईबापूंना वाचू दे.

झालं माझं व्याख्यान. माफ कर. तू माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, तुला हे सांगणारा मी कोण?

पण बाळाचं बघ. आईचं कव्हर आपोआप बाळाचं होतं असं मी धरून चाललो होतो. तू सात आठवडे आधी आलीस. १९ दिवस काचेच्या पेटीत होतीस, तळपाय माझ्या अंगठ्याएवढा. पेटीच्या भोकातून एक बोट आत घालायची परवानगी होती, तू ते धरून ठेवायचीस आणि नर्सबाई घड्याळ दाखवायच्या. आईचं बिल पास झालं. तुझं नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, या नावाचं कुणी पॉलिसीत नाही. नाव असणार कुठून? पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, एवढंच. जन्म झाल्यावर विमा कंपनीला कळवून बाळाची नोंद करायची, आणि त्याला मुदत असते, हे बारीक अक्षरात लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं.

लाल स्कूटर चोरीला गेली असं तुला सांगत आलो ना? ती चोरीला गेली नव्हती.

हे घाबरवायला नाही लिहीत. तुझं सगळं वेळेवर होईल. तू लहानपणापासून वेळेची पक्की, ते पहिलं सोडलं तर.

नोकरी तुला हवी ती कर. खरंच.

तुझा,
बाबा

ता. क. आई आत्ता बोलली. डॉक्टरांनी तारीख कोणती दिलीय ते कळव म्हणते. आणि बाळ जन्मल्यापासून धरतात की कळवल्यापासून, तेवढं विचारून ठेव.