परतीच्या वाटेचं ओझं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, न्यायच्या सामानाचा पलंगावर मांडून काढलेला फोटो मिळाला. मोठा करून एकेक वस्तू मोजली. दोन रॉड, दोरा गुंडाळायची दोन रील, तीन कप्प्यांचा डबा, बादली, घडीची खुर्ची, मोठी सुरी, छोटी सुरी आणि तो स्टोव्ह. स्टोव्ह बघून आई खूप हसली. मी गप्प बसलो, कारण एके काळी मीही नेला होता. खाली तू विचारलंयस, "बाबा, काही राहिलं का?" राहिलं काहीच नाही गं, तीच पंचाईत आहे.

गाडी लावायची त्या ठिकाणापासून सहा किलोमीटर पुळण तुडवून जाणार आहेस. जाताना ते काहीच वाटणार नाही. ओहोटी असेल, ओली वाळू फरशीसारखी घट्ट असेल आणि अंगात उत्साह असेल. परतताना मात्र भरती आलेली असते. ती घट्ट वाळू पाण्याखाली जाते आणि चालायला उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं, की वाळूवर त्याच वेगाने चालायला कडक जमिनीच्या 2.1 ते 2.7 पट शक्ती लागते. म्हणजे तुझे परतीचे सहा किलोमीटर पायांना बारा-पंधरा वाटणार, तेही थकल्यावर, अंधार पडत असताना आणि नशीब चांगलं असेल तर पाठीवर मासा घेऊन. म्हणून पिशवी भरताना ती सकाळी किती जड लागते ते बघू नकोस. संध्याकाळी ती उचलून परत यायचं आहे, हे धरून भर.

मला हे एका खुर्चीने शिकवलं. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र असेच लांब गेलो होतो. माझ्याकडे बेचाळीस नकली आमिषांचा डबा, दोऱ्याच्या टोकाला बांधायची निरनिराळ्या वजनांची मूठ-मूठ शिसं आणि ती खुर्ची. दिवसभरात दोन आमिषं वापरली. खुर्चीवर एकदाही बसलो नाही, कारण मासा लागत असताना कोण बसतं, आणि लागत नसताना माणूस जागा बदलत फिरत असतो. परतताना पाणी संपलं. डब्याची कडी मांडीवर आपटून आपटून निळं वळ उठलं, आणि शेवटच्या दीड किलोमीटरला मी शंभर पावलं मोजायचो, थांबायचो, पुन्हा शंभर मोजायचो. खुर्ची टाकून द्यावी असं दहा वेळा वाटलं. टाकली नाही, एवढंच त्या दिवसाबद्दल अभिमानाने सांगू शकतो.

आता रॉडचं. सगळे रॉडपासून सुरुवात करतात, तू शिशापासून कर. सगळं वजन तिथून ठरतं. शिसं जड घेतलंस की दोरा जाड हवा, जाड दोरा मावायला रील मोठं हवं, आणि हे सगळं फेकायला बारा फुटी दांडगा रॉड. टोकाला 50-60 ग्रॅम कमी केलेस की ही सगळी साखळी हलकी होते. लांब फेकलं की मोठा मासा, हा समज आधी डोक्यातून काढ. लाटा फुटतात तो वाळूचा बांध आणि किनारा यांच्यामध्ये एक खोलगट पन्हळ असते. तिथे पाणी गडद दिसतं आणि लाट फुटायची थांबून नुसती फुगून जाते. खेकडे, शिंपल्या, बारकी मासळी त्यात वाहत येतात आणि त्यांच्या मागे मोठे मासे. पुष्कळदा ती पन्हळ तुझ्यापासून वीस-तीस मीटरवरच असते. तिथे पोचायला नऊ फुटी रॉड आणि 4000 आकाराचं, म्हणजे मध्यम, रील पुरतं. तेवढं रील पाव किलोच्या आसपास भरतं. दिवसभर हातात धरून फेकत राहायचं आहे, खांद्याला तेवढंच झेपतं.

दोरा विणलेला, 20 पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा. त्याच्या पुढे जाड तंगुसाचा लीडर लाव, म्हणजे फेकतानाचा झटका सोसणारा नायलॉनचा तुकडा. त्याचा जुना हिशोब लक्षात ठेव: शिशाच्या दर औंसाला, म्हणजे 28 ग्रॅमला, 10 पौंड. दोन औंस फेकणार असशील तर 20 पौंडी लीडर, तीन औंसाला 30. लीडर एवढा लांब ठेव की फेकायच्या वेळी त्याचे पाच-सहा वेढे स्पूलवर, म्हणजे रीलच्या फिरकीवर, असतील. नाहीतर बारीक दोरा बोट कापतो, नाहीतर तुटून शिसं गोळीसारखं सुटतं आणि मागेपुढे कुणी उभं असेल तर विचारूच नकोस. दोरा आणि लीडर जोडणारी गाठ घरी, दिव्याखाली, शांतपणे मार. वाऱ्यात थंड बोटांनी मारलेल्या गाठीवर माझा विश्वास नाही, अगदी माझ्या स्वतःच्याही.

तीन कप्प्यांचा डबा घरी. त्याऐवजी फोमच्या तुकड्यावर गळ आणि तंगूस गुंडाळून चार तयार जोडण्या घे. चारच. गळ सर्कल घे, म्हणजे टोक आत वळलेला. मासा ओढू लागला की झटका न देता नुसतं रील फिरवत राहायचं, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. पोटात गेलेला गळ काढत बसावं लागत नाही आणि लहान मासा जिवंत सोडता येतो. शिसं चार, वाळूत रुतून बसणारी, पिरॅमिडच्या आकाराची. वारा पडला तर दोन चकचकीत धातूची आमिषं, एक 20 ग्रॅमचं, एक 40 चं. एक लांब चोचीची पक्कड, जिला दोरा कापायची धार आहे. छोटी सुरी. बस. हे सगळं कमरेच्या पिशवीत मावतं आणि पाण्यात उभं राहून हाताशी येतं. पाठीवरची पिशवी दिवसभर काठावर, भरतीच्या रेषेच्या वर.

खाऊच्या बाबतीत आई आणि माझं एकमत होणार नाही, पण पत्र मी लिहितोय. समुद्रावर खाण्याची खरी अडचण भूक नसून हात असतात. हाताला आमिषाचा वास, खवले, वाळू आणि वर उन्हाचं मलम. त्या हातांनी तू काही सोलून, उघडून, तोडून खाणार नाहीस, उपाशी राहशील. माझी युक्ती अशी: रुंद तोंडाच्या बाटलीत भाजलेले शेंगदाणे आणि बेदाणे भरायचे आणि पाणी पितो तसे तोंडात ओतायचे. बोटं लागतच नाहीत. शिवाय वजनाच्या मानाने शेंगदाण्याइतकं काम दुसरं खाणं क्वचित करतं. 100 ग्रॅममध्ये साधारण 570 कॅलरी. केळ्याच्या 100 ग्रॅम गरात नव्वदच्या आत, वर सालीचं ओझं वेगळं, आणि पिशवीत चिरडलं की काय होतं ते तुला माहीत आहे. केळी गाडीतच खाऊन टाक. खजूर बिया काढून घे. उकडलेली दोन अंडी घरीच सोलून मीठ लावून डबीत ठेव, ती आधी संपव, उन्हात फार वेळ ठेवायची नाहीत. चॉकलेट नको, वितळतं आणि मग रीलच्या मुठीवर सापडतं.

पाण्यात मात्र काटकसर करू नकोस. एक लिटर म्हणजे एक किलो, त्याला इलाज नाही. तीन लिटर घे. त्यातली एक बाटली अर्ध्या वाटेवर, भरतीच्या रेषेच्या बरीच वर, एखाद्या ठळक खडकाजवळ सावलीत ठेवून पुढे जा. परतताना ती तुला भेटेल. समज नाही भेटली तरी चालेल, इतकं पाणी जवळ असू दे. आणखी एक बाटली आदल्या रात्री बर्फ करायला ठेव, पण गळ्यापर्यंत भरू नकोस, गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. जाताना ती आमिषाला गार ठेवेल आणि येताना माशाला. बादलीची गरजच उरत नाही. एकच मासा ठेव. तिथेच रक्त काढ, पोट साफ कर, ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फाच्या बाटलीला चिकटवून पिशवीत घाल. साफ केलेला मासा वजनाने कमी होतो आणि टिकतोही जास्त.

वेळेचं बघ. ओहोटीचा उत्तरार्ध असताना निघ, म्हणजे पोचशील तेव्हा पाणी तळाला गेलेलं असेल आणि पन्हळी उघड्या दिसतील. कुठे खोल आहे ते बघून ठेव आणि चढत्या पाण्यात गरव. दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं असतात, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालणार नाही, भरती-ओहोटीचा तक्ता नव्याने बघ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही, मधल्या दोन तासांत निम्मं चढून जातं. वाटेत कातळाचं टोक ओलांडायचं असेल तर ते मधले दोन तास लागायच्या आत त्याच्या अलीकडे ये, मासा लागत असला तरी. हे मी विनंती म्हणून लिहीत नाहीये.

कपाळावरचा दिवा, शिट्टी, पट्टी-मलम, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पातळ जाकीट. वीज चमकली की कार्बनचा रॉड आडवा वाळूत ठेवून पाण्यापासून आणि त्याच्यापासून लांब हो. पाण्यात गुडघ्यापर्यंत, पुढे नाही.

घरी आलीस की लगेच झोपू नकोस. आधी रील साध्या हलक्या पाण्याने धू, जोराची धार मारलीस तर मीठ आत जातं. मग पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी कर आणि दोन ढीग कर, वापरलेल्याचा आणि न वापरलेल्याचा. सलग दोनदा दुसऱ्या ढिगात गेलेली वस्तू तिसऱ्यांदा न्यायची नाही. दिवा, शिट्टी आणि पट्टी-मलम यांना हा नियम लागू नाही, ती वापरावी लागली नाहीत तर बरंच झालं. माझा डबा अशाच ढिगांनी दोन वर्षांत कमरेच्या पिशवीएवढा झाला. खुर्ची अजून गच्चीवर आहे, आई तिच्यावर कुंडी ठेवते.

पोचलीस की एक मेसेज, निघालीस की दुसरा. किती वाजेपर्यंत परत येणार ते आधी सांगून ठेव.

आणि स्टोव्ह हवाच असेल तर घे, पण गाडीत ठेव. कोरडे मोजे, टॉवेल आणि चहाचं सामानही तिथेच. परत आल्यावर गाडीचं मागचं दार उघडून, पाय बाहेर सोडून बस आणि चहा कर.

तुझा,
बाबा