अण्णा, इथे पिकामधून वाट जाते

ब्रिस्टल,
मे अखेर

तीर्थरूप अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतली लांब पायवाट चालून मी खुशाल परत आले आहे. आई, पाय शाबूत आहेत आणि वजनही उतरलेलं नाही. फोनवर तुझा आवाज कापत होता, म्हणून आधी हेच लिहिते. एकटी नव्हते, हॉस्पिटलच्या माझ्या वॉर्डातली केरळची मैत्रीण सगळी वाट सोबत होती. पाठीवर फक्त पाणी, रेनकोट आणि डबा. मोठ्या बॅगा एक गाडी रोज पुढच्या मुक्कामाला पोचवायची. या दिवसांत इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा रानात अंधार पडायचा प्रश्नच नव्हता. डोंगर म्हणशील, तर कॉट्सवोल्डमधलं सगळ्यात उंच ठिकाण, क्लीव्ह हिल, 330 मीटर आहे. आपलं सातारा शहरच त्याहून कितीतरी उंचावर वसलंय.

वाटेचं नाव कॉट्सवोल्ड वे. चिपिंग कॅम्पडेनला सुरू होऊन बाथ शहरातल्या ॲबीसमोर, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चसमोर संपते, 102 मैल, म्हणजे 164 किलोमीटर. लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेली जुनी गावं, पिवळसर दगडाची घरं, चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली. फोटो दादाला पाठवलेत, वहिनी दाखवील.

अण्णा, तुम्ही म्हणालात, “चालायचंच होतं तर वारीला यायचं.” वारीची सर कशालाच नाही, हे मला ठाऊक आहे. आषाढात रजा मिळत नाही, इतकंच.

पण तुम्हाला एक गोष्ट नीट सांगायची आहे. इथे सार्वजनिक पायवाट लोकांच्या खाजगी शेतातून जाते. बांधावरूनच असं नाही, गव्हाच्या मधोमधसुद्धा. पहिल्याच फाटकाशी मी थबकले. वाट गोठ्याला लागून पलीकडे जात होती आणि मालक तिथेच ट्रॅक्टरवर. मी परवानगी विचारली, तर त्यानं हातानं दिशा दाखवली आणि फाटक लावून घ्या म्हणाला. खांबावर पिवळा बाण असतो, तो पायी चालणाऱ्यांचा. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. जमीन त्याचीच, पीक त्याचंच, पण त्या पट्ट्यावरून जायचा हक्क सगळ्यांचा. मधली वाट पेरणीसाठी नांगरली, तर 14 दिवसांत त्यानंच ती निदान एक मीटर रुंद, चालण्याजोगी करून द्यायची. कडेची वाट तर नांगरायचीच नाही. लोक 20 वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता आणि कुणी न अडवता चालत आले, तर ती वाट सार्वजनिक धरली जाते. ती लोकांसाठी खुली करायचा आपला इरादा नव्हता, हे मालकाला दाखवता आलं तरच नाही. 1949 च्या कायद्यानं अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. एकदा नकाशावर आली की वापर थांबला म्हणून वाट बुडत नाही.

हे सुखासुखी मिळालेलं नाही. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडचे शेकडो तरुण, त्यांत कितीतरी कामगार, बंदी मोडून किंडर स्काउटच्या डोंगरावर चढले. पाच जण तुरुंगात गेले.

प्रत्येक फाटकाशी मला आपली पाणंद दिसत होती. आजोबांची बैलगाडी जिथून जायची तिथे आज काटेरी कुंपण आहे, आणि ऊस बाहेर काढायला तुम्हाला या वयात दुसऱ्याच्या दारी जाऊन विनवावं लागतं. मी इथे परक्याच्या गव्हातून ताठ मानेनं चालत होते. एका चढावर मला रडू आलं. मैत्रिणीला वाटलं पाय दुखतोय. तहसीलदारांकडची तारीख सोडू नका, अण्णा. आजोबांच्या वेळची जी म्हातारी माणसं आहेत, त्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या.

आई, गायींनी काही केलं नाही. दहा महिन्यांपेक्षा मोठा दुभत्या जातीचा वळू अशा वाटेच्या शेतात मोकळा सोडायला इथे बंदी आहे. वासरं असली की आम्ही लांबून वळसा घालायचो.

काकू म्हणाल्या ते वहिनीकडून कळलं: हिला फिरायला वेळ आहे, बाळाच्या बारशाला नव्हता. त्यांना सांगा, बारशाच्या वेळी वॉर्डात माणसं कमी होती, आणि आता मिळालेली रजा गावी येऊन परतण्याएवढी नव्हती. तिकिटाच्या मानानं हा खर्च फार कमी झाला. बाळाचा व्हिडिओ मी ड्यूटीवरून आल्यावर रोज बघते. दिवाळीची रजा टाकली आहे. मिळेल.

पुण्याच्या स्थळाचं म्हणाल, तर त्यांना ताटकळत ठेवू नका. मुलाशी मी रविवारी बोलेन, पण नोकरी सोडून लगेच यायचं कबूल करणार नाही, हे त्यांच्या घरी आधीच सांगून ठेवा. फोटो पाठवत बसू नका.

दादाच्या खात्यावर पैसे टाकलेत. त्यातून वकिलांची फी भागवा, उरतील ते पाइपलाइनला घाला. आई, मागच्या वेळेसारखे माझ्या लग्नासाठी म्हणून बँकेत ठेवू नकोस. या खेपेला ते खर्चच कर.

तुमची,
छोटी