थायलंडला शिकवायला जा, पण आधी कागद बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा पेपरात घालून एक पॅम्प्लेट आलं. "थायलंडमध्ये इंग्लिश टीचर व्हा, डी.एड. चालेल, अनुभव नको, महिना एक लाख" आणि खाली नुसता मोबाईल नंबर. मी स्वतः तिकडं बालवाडीच्या लेकरांना इंग्रजी शिकवते, सध्या सुट्टीत उदगीरला आलेय (तिकडची मोठी सुट्टी मार्च-एप्रिलची असते, शाळा मेच्या मध्याला उघडतात), आणि आल्यापासून रोज कुणी ना कुणी घरी येऊन विचारायलंय की ताई आमच्या पोरीचं जमल का तिकडं, एजंट दीड लाख मागायलाय, देऊ का. किती जणांना एकेकट्याला सांगणार, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, नुसत्या डी.एड.वर तिथं शाळेत लागता येत नाही. ग्रॅज्युएशन पाहिजे, शिवाय आपली मातृभाषा इंग्रजी नाही म्हणून टोइक किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेचा स्कोअर लागतो आणि पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. मग शाळा तिथल्या शिक्षक परिषदेकडून लायसन नाहीतर तात्पुरती परवानगी काढते, तुम्हाला नॉन-इमिग्रंट बी म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा मिळतो आणि त्याच्यावर वर्क परमिट. ते परमिट त्याच शाळेपुरतं असतं, नोकरी सोडली की ते पण गेलं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, आणि गावाकडं यायचं असल तर निघायच्या आधी री-एंट्री परमिट काढायचं, ते विसरलात तर देश सोडला की व्हिसा संपला. एजंट काय सांगायलेत तर टुरिस्ट म्हणून चला, तिथं गेल्यावर बघू. अहो, वर्क परमिट नसताना वर्गात उभं राहणं हाच तिथं गुन्हा आहे, ५ हजार ते ५० हजार बाट (तिकडचं चलन) दंड होतो आणि वरून देशाबाहेर काढतात. दंड पोरीला भरावा लागतो, एजंटला नाही.

आणि पगाराचं. एक लाख मिळतात, पण कुणाला? तिकडच्या शाळांच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं "नेटिव्ह स्पीकर", म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. माझ्या ओळखीत भारतीय आणि फिलिपिनो टीचर भरपूर आहेत, त्यांच्यातले कितीतरी जण २० हजार बाटच्या आसपास काम करतात, आणि एजन्सीमार्फत लागलं तर सुट्टीच्या महिन्यांचा पगार बऱ्याचदा मिळतच नाही. मला एका ठिकाणी फोनवर हो म्हणले, व्हिडिओ कॉलवर चेहरा बघितला आणि जागा भरली म्हणून सांगितलं. याचा मला आजही राग येतो. तोच वर्ग, तीच लेकरं, तेच काम, आणि कातडीचा रंग बघून पगार.

"अनुभव नको" हे तर सगळ्यात खोटं. लोकांना वाटतं लहान लेकरांना ए फॉर ॲपल शिकवायचं त्याच्यात काय. मी थायलंडच्या ईशान्येला आहे, इसान म्हणतात त्या भागाला, ऊस आणि भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. सकाळी साडेसातला गेटवर उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येक लेकराला हात जोडून नमस्कार करायचा, पावसाळ्यात तिथंच प्रत्येकाचे तळहात आणि तोंड तपासतात कारण हँड-फूट-माउथ नावाचा फोडांचा आजार बालवाडीत फार लवकर पसरतो, काही जणांना झाला की वर्गच बंद ठेवतात. आठला झेंडा आणि राष्ट्रगीत, मग बूट बाहेर काढून वर्गात. तीन ते सहा वर्षांची पंचवीस-तीस लेकरं, त्यांना इंग्रजी येत नाही, मला त्यांची थाई धड येत नाही, सोबत एक थाई टीचर असते म्हणून निभतं. वीस-पंचवीस मिनिटांचा तास, त्यात उड्या, टाळ्या, चेंडू, चित्रं, आणि असे वर्गामागून वर्ग दिवसभर, दुपारपर्यंत घसा बसतो. आपण लाडानं लेकराच्या डोक्यावरून हात फिरवतो, तिकडं डोकं पवित्र मानतात, तो हात आवरायला शिकावं लागतं. जेवण झालं की सगळे रांगेत दात घासतात आणि गाद्या टाकून झोपतात, दूध सरकारकडून फुकट असतं.

माझ्या वर्गात एक पोरगं होतं, सगळे त्याला बँक म्हणायचे (तिकडं प्रत्येकाचं घरी हाक मारायचं छोटं नाव असतं, आइस, बीम, बँक, काहीपण). पहिलं सेमिस्टर संपत आलं तरी बँकनं तोंड उघडलं नाही. मी त्याला कधी उभं केलं नाही, इतरांसारखा चेंडू हातात द्यायचे आणि पुढं जायचे. सप्टेंबरात एक दिवस झोपेतून उठला, बुटाची चिकटपट्टी उलटी बसली होती, तो बूट माझ्यापुढं धरला आणि म्हणला, "टीचर, हेल्प मी." हे वाक्य मी धडा म्हणून कधीच घेतलं नव्हतं, लेकरं पाण्याची बाटली घेऊन यायची तेव्हा झाकण काढताना मी म्हणायचे तेवढंच, त्यानं ते ऐकून ठेवलं होतं. म्हणून सांगते, या कामाला दम लागतो, आणि तो दम आपल्या झेडपीच्या शाळेत, अंगणवाडीत दोन-चार वर्षं काढलेल्या पोरींकडं लई आहे. त्यांनी जावं असंच मला वाटतं.

खाण्याचं पण विचारतात सगळे. मी माळकरी घरातली, तिथं जवळजवळ प्रत्येक भाजीत माशाचा सॉस असतो, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं शाकाहारी दुकान सापडेपर्यंत भात, फळं आणि घरून नेलेलं मेतकूट यावर दिवस काढले. पण माणसं चांगली आहेत हो, बाजूच्या आजीबाई माझ्यासाठी सॉस न घालता भाजी करून द्यायला लागल्या.

आता एजंटचं. परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टखाली रजिस्ट्रेशन लागतं, त्याला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी याच्यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, रजिस्टर असलेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. मग दीड लाख कशाचे? आणि नुसते पैसे बुडाले तर एक वेळ ठीक, पण मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडीतून पाचशेच्या वर भारतीयांना सरकारनं विमानं पाठवून परत आणलं, त्यातल्या कितीतरी जणांना थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे म्हणूनच नेलं होतं आणि सीमेपलीकडं कोंडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगायलेय आणि तरी लोक म्हणायलेत, नाही ताई, आमचा एजंट ओळखीचा आहे.

तर जाणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी शाळेचं नाव आणि लेखी कॉन्ट्रॅक्ट मागा, शाळेला स्वतः फोन लावा, व्हिसा कोणता ते विचारा. आणि साहेब, पॅम्प्लेट पेपर वाटणारे घालतात, त्याच्याशी तुमचा संबंध नसतो हे मला माहितेय, पण आपल्या पेपर एजन्सीवाल्यांना एवढं सांगा की परदेशी नोकरीचं पॅम्प्लेट आलं तर त्याच्यावर रजिस्ट्रेशन नंबर छापलाय का बघा, नसल तर घेऊ नका.

आपली,
एक शिक्षिका, उदगीर (जि. लातूर)
(नाव छापू नये ही विनंती)