सुमे, खांदा दाखवून घे

लालबाग, मुंबई
मंगळवार, रात्री

प्रिय सुमे,

काल फोनवर बोलता बोलता तू म्हणालीस, "आता ब्लाउजची मागची हुकं लावायला लेकीला हाक मारावी लागते," आणि लगेच कुळथाच्या पिठाकडे वळलीस. मी मात्र त्या हुकांपाशीच अडकले. फोनवर आपलं धड बोलणं होत नाही, मध्येच तुझं गिऱ्हाईक येतं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय. खानावळ बंद झाली, भांडी घासून झाली, की निवांत वाच.

चार महिने खांदा दुखतोय आणि तू सकाळी गोळी घेऊन दीडशे पोळ्या लाटायला उभी राहतेस. "चालायचंच, वय झालं" म्हणतेस. मीही दोन वर्षं हेच म्हणत होते गं. माझं दुखणं उजव्या कानामागून निघायचं आणि कानशिलावर येऊन ठणकायचं. चष्म्याचा नंबर बदलून झाला. सायनस समजून वाफ घेऊन झाली. मानेचा एक्स-रे काढला, त्यात वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी सगळं ठीक. मग कुणीतरी सुचवलं म्हणून एका माणसाकडे गेले. त्याने काही विचारलं नाही, तपासलं नाही. हनुवटी धरली आणि मान कटकन फिरवली. दोन दिवस हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. घाबरून आमच्या डॉक्टरांकडे धावले तर ते जे रागावले! मानेच्या मणक्यांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या वर जातात, अशा झटक्याने त्यांना इजा होऊ शकते, हे तेव्हा कळलं. सुमे, कुणीही, अगदी ओळखीचा असला तरी, मान मोडायला आला तर हात धर त्याचा.

त्याच डॉक्टरांनी मला दादरच्या एका ताईंकडे पाठवलं. त्या मुळात फिजिओथेरपिस्ट, आणि आता जास्त करून रेमेडियल मसाज, म्हणजे दुखण्यावर उपचार म्हणून मसाज करतात. मसाज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मेणबत्त्या, मंद संगीत आणि गुलाबी टॉवेल आले होते. प्रत्यक्षात एक लहानशी खोली, उंच पलंग, आणि भिंतीवर माणसाच्या स्नायूंचे तक्ते. पहिली वीस मिनिटं त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, रात्री दुखण्याने जाग येते का, वजन उगाच कमी झालंय का, हे सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, पर्स कुठल्या खांद्यावर घेता? गाडीत कडी कुठल्या हाताने धरता? मी तीस वर्षं करी रोडहून दादर, दादरहून अंधेरी करतेय, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उजवीकडेच पर्स, उजव्याच हाताने कडी, आणि ऑफिसात उजव्याच कानाशी खांद्याने दाबून धरलेला फोन.

मग मला पालथं झोपवलं. तेल अगदी थोडं, बोटं ओलसर होतील एवढंच. जास्त तेल असलं की हात घसरतो आणि खोल दाब देता येत नाही, म्हणाल्या. मान आणि खांदा यांच्यामधला जो मांसल भाग आहे ना, जिथे आपण पाण्याची कळशी घेऊन आलो की पहिल्यांदा हात जायचा, तिथे त्या अंगठ्याने चाचपत होत्या. एका जागी थांबल्या. सुपारीएवढा कडक गोळा होता. त्यावर दाब दिला आणि सुमे, माझं कानशील ठणकलं! बोट खांद्यावर, आणि कळ कानामागून डोळ्याच्या कडेपर्यंत. दोन वर्षं जी डोकेदुखी म्हणून मी सांभाळत होते, ती खांद्यात बसली होती. मला रडूच आलं. दुखलं म्हणून नाही, कुणाला तरी एकदाचं सापडलं म्हणून.

"दहापैकी किती दुखतंय?" त्या विचारत होत्या. सहा-सातच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, श्वास रोखला गेला तर दाब जास्त आहे. मिनिटभर तसाच दाब धरून ठेवला आणि गोळा हळूहळू सैल होताना मला कळला, गोठलेलं तूप बोटाच्या उबेने वितळावं तसा. मग मानेपासून दंडापर्यंत लांब, संथ हात. घरी आले आणि कित्येक महिन्यांनी सलग झोपले. दुसऱ्या दिवशी मात्र खांदा दुखरा होता, रायगड चढून आल्यावर पोटऱ्या दुखतात तसा. हे एक-दोन दिवस चालतं, तेव्हा घाबरायचं नाही. पण काळंनिळं होईपर्यंत रगडणारा माणूस चांगला नव्हे. "दुखल्याशिवाय गुण येत नाही" हे खोटं आहे.

भिंतीवरच्या एका तक्त्याबद्दल मी विचारलं होतं. दाब कुठे दिला की कळ कुठे जाते याचे नकाशे होते ते. अमेरिकेतल्या डॉ. जेनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर यावर काम केलं. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि पुढे व्हाइट हाउसच्या डॉक्टर झाल्या. डॉ. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यांनी हे नकाशे १९८३ साली छापून काढले. त्यात पंखाच्या हाडामागचा एक स्नायू दाखवलाय. गाठ असते मागे, पाठीवर, आणि माणूस ओरडतो खांदा पुढून दुखतो म्हणून. तो तक्ता पाहताना मला तूच आठवलीस. तू हात नेहमी खांद्याच्या पुढच्या बाजूलाच ठेवतेस.

आता तुला एक आठवतंय का बघ. आबा तिसरी पाळी करून सकाळी यायचे, गिरणीच्या साचेखात्यात रात्रभर उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. चटईवर पालथे पडायचे आणि हाक द्यायचे, "पोरींनो, पाय द्या गं." तू एका पोटरीवर, मी दुसऱ्या, आणि पडू नये म्हणून दोघींनी खिडकीचे गज धरलेले. आबा म्हणायचे, "हाडावर नको, मांसावर." आणि तुझी आई! चाळीतली सगळी तान्ही बाळं काकूंच्या पायांवर न्हायली. बाळाला पालथं घालून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात फिरायचा, कण्यावर कधीच नाही. ताईंचा हात पाठीवर तसाच फिरला तेव्हा मी त्यांना काकूंबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला जे कॉलेजात शिकावं लागलं ते त्यांच्या हातात होतं." हे तुला मुद्दाम कळवायचं होतं. आज काकू असत्या तर त्यांनाही वाचून दाखव म्हटलं असतं.

दिवाळीच्या पहाटे आपल्याला तेल लावायच्या ते काही नुसतं सणापुरतं नव्हतं. चरकाने म्हटलंय की तेल मुरवलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण घातलेला गाडीचा आख जसे टिकाऊ होतात, तसं अभ्यंगाने शरीर होतं. आख आणि वंगण, किती रोजच्या वापरातलं!

पण गुण नेमका कशाने येतो, हे मला जाणून घ्यायचं होतं. मसाजने अंगातलं विष बाहेर पडतं, लॅक्टिक ॲसिड निघून जातं, असं खूप जण सांगतात. ते खरं नाही. लॅक्टिक ॲसिड श्रम थांबल्यावर तासाभरात शरीर आपणच निस्तरतं. खरं कारण जास्त साधं आहे. ढोपर आपटलं की आपण आधी काय करतो? चोळतो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत एक दार असल्यासारखं असतं. स्पर्शाचा आणि दाबाचा निरोप तिथे पोहोचला की दुखण्याच्या निरोपाला वाट कमी मिळते. शिवाय संथ, ठाम हाताने सगळी मज्जासंस्थाच शांतावते, श्वास खोल जातो, आवळून धरलेला स्नायू सोडायला तयार होतो. मान-पाठीच्या दुखण्यात याने आराम पडतो, पण तो बहुतेक थोड्या दिवसांचा असतो. ताईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तो आराम मिळतो त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा, सवयी बदलायच्या. नाहीतर गाठ पुन्हा तिथेच.

मी आठवड्यातून एकदा, अशी सहा सिटिंग घेतली. घरी रोज दोनदा मान बाजूला झुकवून तीस आकडे मोजायचे, आणि भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून हळू फिरायचं. पर्स गेली, पाठीवरची सॅक आली. आता महिन्यातून एखाद्या वेळी डोकं धरतं, आणि धरलं तरी मला माहीत असतं कुठे हात लावायचा.

आता तुझं. पत्रातला हा भाग नीट वाच. मी ताईंना तुझं सगळं सांगितलं आणि त्यांनी मसाजला साफ नाही म्हटलं. आधी डॉक्टर, म्हणाल्या. हात मागे जात नाही, वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, वय पन्नाशीचं आणि वर शुगर. यात फ्रोजन शोल्डर असू शकतो. शुगर असलेल्यांत तो जास्त दिसतो. त्यात सांध्याभोवतीचं आवरणच आखडतं, नुसत्या चोळण्याने ते सुटत नाही, आणि दुखण्याच्या दिवसांत कुणी जोर लावून हात ताणला तर जास्त बिघडतं. सुटायला वर्ष, दोन वर्षंही लागतात, पण योग्य व्यायामाने हात पुष्कळ परत मिळतो. आणि तसं नसेल, नुसती स्नायूची गाठ असेल, तर फारच छान. पण दोन्हींत वरवर दुखतं सारखंच, म्हणून तपासल्याशिवाय कुणाच्या हाती खांदा देऊ नकोस. तुमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात, त्याला माझी ना नाही. पण खांदा ओढायला लावू नकोस.

तोपर्यंत दोन गोष्टी कर. तुझा ओटा उंच आहे, मी पाहिलाय. पोळ्या लाटताना खांदे कानाकडे चढतात तुझे. पायाखाली पाट घे, म्हणजे कोपर ओट्याच्या वर येईल. आणि कणीक मळायचं काम चार दिवस लेकीकडे किंवा मावशींकडे दे. लाटणं घट्ट धरून कोपराच्या बाहेरच्या बाजूलाही तुला दुखतं ना? त्याला टेनिस एल्बो म्हणतात, आयुष्यात रॅकेट न धरलेल्या बायकांना होतो. आणि ती रोजची गोळी, सुमे. शुगर असताना या गोळ्या महिनोन्महिने चालवल्या तर मूत्रपिंडावर येतं. डॉक्टरांना पहिलं हेच सांग.

पायाला मुंग्या येतात म्हणालीस, तर तिथे गरम पाण्याची पिशवी लावू नकोस. बधिर पायाला चटका कळत नाही. कधी एकच पोटरी सुजून लाल, गरम झाली तर ती अजिबात चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, सरळ दवाखाना गाठायचा. ताप असताना, कातडीवर काही उठलं असताना मसाज नाही. आणि खांद्याबरोबर छातीत दडपलं, घाम फुटला, तर तो खांदा नव्हे, एक मिनिट थांबू नकोस.

पैशाचा विचार करत असशील, माहीत आहे मला. म्हणून केईएम रुग्णालयात जाऊ. भारतातली फिजिओथेरपीची पहिली शाळा तिथेच, आपल्या परळला, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाली. आपण चाळीतून चालत जायचो त्याच रस्त्यावर. केस पेपर काढून आधी हाडांच्या ओपीडीत दाखवू, ते सांगतील तसं फिजिओकडे. रांग लांब असते, मी डबा घेऊन बसेन तुझ्याबरोबर. डॉक्टर हो म्हणाले तर मग ताईंकडे, त्या सिटिंगचं मी बघेन, यावर वाद नको.

शनिवारच्या तुतारी एक्स्प्रेसने निघ, रविवारी सकाळी दादरला मी फलाटावर असेन. सामान डाव्या हातात घे, कमीत कमी घे. शुगरचे जुने रिपोर्ट आण, ज्या गोळ्या घेतेस त्यांच्या पट्ट्या आण, आणि पुढून बटणं असलेला सैल कुर्ता आण, म्हणजे तपासताना हाल नकोत. खानावळ चार दिवस बंद ठेव, पाटी लाव दारावर. गिऱ्हाईकं कुठे जात नाहीत. काकूंची ती पितळी तेलाची वाटी अजून असेल तर तीही आण गं, बघायची आहे मला.

तुझीच,
बेबी